‘सुरू करा’ दाबण्याआधी : नव्या सुविधांची रंगीत तालीम



आपल्या अंधेरीवरून जाणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती नव्हती तेव्हा आपण कसे जात होतो, हेच आठवत नाही. पण दोन तारखा जरा आठवून बघा. १ मे २०१३ रोजी वर्सोवा ते आझाद नगर अशी पहिली चाचणी धाव झाली. प्रवाशांसाठी दारे उघडली ८ जून २०१४ रोजी. म्हणजे पहिली गाडी रुळांवर धावली आणि पहिला प्रवासी आत बसला, यात तेरा महिने गेले. उशिराची कारणे इतरही होती, हे खरे. तरीही रिकामी गाडी पुन्हा पुन्हा चालवून पाहणे, मग सुरक्षा आयुक्तांनी तपासणे आणि त्यानंतरच माणसे आत घेणे, हा क्रम कोणी मोडला नाही. आणि तो मोडावा असे आपल्यालाही कधी वाटणार नाही. रिकाम्या गाडीत दोष सापडला तर तो दुरुस्त करता येतो. भरलेल्या गाडीत सापडला तर आधी माणसे सांभाळावी लागतात.

आता शाळेकडे या. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो : “उद्यापासून हजेरी नवीन ॲपवरच घ्यायची आहे. लिंक सोबत दिली आहे.” किंवा सत्र संपायला आठवडा उरलेला असताना कळते, की गुणपत्रक भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन सुविधा आली आहे आणि जुना तक्ता बंद झाला आहे. पालकांचेही तसेच. फी भरायचे ॲप एका रात्रीत बदलते आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख असते. रुळांवर गाडी चालवायला आपण तेरा महिने घेतो, मग मुलांच्या हजेरीची, गुणांची आणि प्रवेशाची गाडी एका रात्रीत भरून का सोडतो?

आजचा लेख याच प्रश्नावर आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : कोणतीही नवी सुविधा, मग ती सरकारी पोर्टलची असो, खासगी ॲपची असो की शाळेनेच तयार केलेली असो, ती वापरणाऱ्यांना आधी सुरक्षितपणे हाताळू द्यावी आणि मगच लागू करावी. पण नुसते ‘हाताळू देणे’ पुरेसे नाही. त्या सरावानंतर “अजून नको” असे म्हणायला वाव हवा. तो नसेल तर त्याला चाचणी म्हणू नये.

चाचणी म्हणजे नेमके काय?

आपल्या मराठी माणसाला ही कल्पना नवीन नाही. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम होते. वेशभूषा, प्रकाश, नेपथ्य, संगीत सगळे खरे, फक्त तिकीट काढलेला प्रेक्षक नसतो. त्या तालमीत दार अडकले तर सुतार येतो. पहिल्या प्रयोगात अडकले तर नटाला खिडकीतून यावे लागते!

सॉफ्टवेअर तयार करणारे लोकही असेच करतात. खऱ्या यंत्रणेची एक वेगळी प्रत तयार करतात आणि तिच्यात खोटी माहिती भरून नवी सुविधा चालवून बघतात. मग ती थोड्या लोकांना देतात, त्यांच्याकडे ठीक चालली की आणखी थोड्यांना. गडबड दिसली तर एक कळ दाबून ती बंद करता येते आणि जुनी पद्धत परत येते. कधी सुविधा तुमच्यापर्यंत पोहोचते, पण बंद अवस्थेत. ‘वापरून पाहा’ असे विचारले जाते आणि चालू करायची की नाही हे तुम्ही ठरवता. जीमेल आठवते का? १ एप्रिल २००४ रोजी आली आणि तिच्या नावापुढची ‘बीटा’ ही पाटी जुलै २००९ पर्यंत टिकली. बीटा म्हणजे ‘अजून चाचणी चालू आहे’. पाच वर्षे म्हणजे जरा अतीच झाले, पण निदान वापरणाऱ्याला आपण काय वापरतोय हे माहीत होते.

अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये आणि एमआयडीसीत काम करणारे कितीतरी पालक आपल्या शाळांत आहेत. त्यांना विचारा. ‘यूएटी’ हा शब्द ते दिवसातून चार वेळा ऐकतात. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर बनवले, त्याच्या हातात ते देऊन “चालेल का?” असे विचारणे, म्हणजे यूएटी. त्याने होकार दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, निदान सरकू नये असा संकेत आहे.

यावरून खऱ्या चाचणीच्या तीन अटी निघतात :

१. जो रोज वापरणार आहे, त्यानेच वापरून पाहिले पाहिजे.
२. तिथे चूक झाली तरी कोणाचेही नुकसान होता कामा नये.
३. चाचणीत दोष निघाला तर थांबण्याइतका वेळ आणि “अजून नको” म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे.

पहिल्या दोन अटी सगळ्यांना पटतात. गाडी अडते ती तिसरीवर. आता आपल्याच आसपासच्या काही उदाहरणांवर या तीन अटी लावून बघू.

शिक्षकांना आधीच माहीत असलेली चाचणी

निवडणुकीची ड्यूटी केलेल्या प्रत्येक शिक्षकाने एक उत्तम चाचणी स्वतःच्या हाताने घेतलेली आहे. अभिरूप मतदान! मतदान सकाळी सातला सुरू होणार असेल तर आपण साडेपाचला यंत्र लावून तयार असतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही. मग यंत्रावरचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या. जुळले की आधीची सगळी मते पुसायची, यंत्रात शून्य मते आहेत हे प्रतिनिधींना दाखवायचे, चाचणीच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद करायच्या, यंत्र मोहरबंद करायचे. त्यानंतरच पहिला मतदार आत येतो.

तीन अटी लावा. वापरणारेच वापरून पाहतात का? हो. चुकीने नुकसान होते का? नाही, कारण ती मते पुसली जातात. आणि यंत्र बिघडलेले निघाले तर? बदलून मिळते. राखीव यंत्रे त्याचसाठी ठेवलेली असतात. तिन्ही अटी पूर्ण.

यातला ‘पुसण्याचा’ टप्पा किती महत्त्वाचा आहे, हे ड्यूटी केलेल्यांना सांगायला नको. ते पुसायचे राहिले तर खोटी मते खऱ्या मतांत मिसळतात आणि त्या केंद्राच्या मोजणीचा वेगळा घोळ होऊन बसतो. म्हणजे सराव करणे जितके गरजेचे, तितकेच सरावाचे खरकटे खऱ्या कामात न येऊ देणेही गरजेचे.

आणि हे यंत्रही आपल्याकडे एका रात्रीत आले नाही. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरले गेले. कायद्यात तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. १९८८ मध्ये कायदा बदलला. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या निवडक मतदारसंघांत वापर झाला. लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी यंत्रे वापरली गेली ती २००४ मध्ये. बावीस वर्षे! या यंत्रांबद्दल तुमचे मत काहीही असो, पण “आधी ५० केंद्रे, मग काही मतदारसंघ, मग देश” ही पायरी-पायरीची चाल शिकण्यासारखी आहे.

कलिना, २०१७ : तालमीशिवाय प्रयोग

आता उलट बाजू. अंधेरीहून सांताक्रूझ पूर्वेला गेले की कलिना. मुंबई विद्यापीठाचे परीक्षा भवन तिथेच आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांना विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिका स्कॅन करायची, तपासणाऱ्याला ती कोणाची हे कळू द्यायचे नाही, बेरीज संगणक करणार, पेपरांचे गठ्ठे इकडून तिकडे हलवायचे नाहीत. कागदावर सगळे छान.

पण उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांच्या वर. कंत्राट ठरेपर्यंत एप्रिल संपत आला होता, म्हणजे परीक्षा सुरू होऊन गेल्या होत्या. ज्या प्राध्यापकांनी तपासायचे, त्यांना या पद्धतीचा पुरेसा हात बसलेला नव्हता. मग स्कॅनिंग रखडले, पत्रिकांची सरमिसळ झाली, लॉगिन अडू लागले. निकाल ४५ दिवसांत लागावेत अशी कायद्याची अपेक्षा होती. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही गेली. जुलैमध्ये काही दिवस वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले. ऑगस्टमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना सक्तीच्या रजेवर पाठवले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी पदावरून दूर केले गेले. सप्टेंबर उजाडला तरी काही निकाल लागतच होते.

विद्यापीठाला तेव्हा १६० वर्षे पूर्ण होत होती. पण माझ्या मते या सगळ्यातली खरी किंमत कुलगुरूंनी किंवा विद्यापीठाच्या नावाने मोजली नाही. ती मोजली निकालाची वाट बघत बसलेल्या मुलांनी. पुढच्या शिक्षणाला प्रवेश हवा, नोकरीत रुजू व्हायचे आहे, परदेशातल्या विद्यापीठाला गुणपत्रिका पाठवायची आहे, आणि हातात काहीच नाही. सुविधा आणण्याचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता, पण भरलेल्या गाडीत बसलेले तेच होते.

हीच पद्धत त्या वर्षी एका छोट्या विद्याशाखेत, थोड्या विषयांपुरती, जुनी पद्धत तयार ठेवून वापरली असती तर? स्कॅनिंगचा वेग कळला असता. प्राध्यापकांच्या अडचणी कळल्या असत्या. फसली असती तर काही हजार पेपर हाताने तपासून महिन्याभरात निकाल लावता आला असता. तीन अटींपैकी एकही पाळली गेली नाही, म्हणून एक चांगली कल्पना बदनाम झाली. हे दुसरे नुकसान मला तितकेच मोठे वाटते. घाईने लादलेली सुविधा फसते तेव्हा लोकांचा त्या सुविधेवरचाच नव्हे, तर बदलावरचाच विश्वास उडतो. मग पुढच्या वेळी चांगले काही आले तरी स्टाफरूममध्ये पहिला उद्गार निघतो, “झालं, आता आणखी एक!”

अकरावी प्रवेश, २०२५ : तालीम झाली, पण...

मग चाचणी घेतली की झाले का? इथे गंमत आहे. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ पासून होत आले. मग ते इतर काही मोठ्या शहरांत गेले. २०२५ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण राज्यासाठी एकच प्रक्रिया झाली. नऊ हजारांवर कनिष्ठ महाविद्यालये, सुमारे २० लाख जागा.

त्या वर्षी शिक्षण विभागाने एक चांगली गोष्ट केली, आणि तिचे कौतुक व्हायला हवे. १९ आणि २० मे असे दोन दिवस विद्यार्थ्यांना सराव नोंदणी करू दिली. फॉर्म उघडा, भरून बघा, चुकलात तरी चालेल, ही माहिती नंतर पुसली जाणार आहे. दहावी पास झालेल्या मुलाला आणि त्याच्या धास्तावलेल्या आईला याहून मोठा दिलासा कोणता? पहिल्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या.

पण खरी नोंदणी होती २१ मे, सकाळी ११ वाजता. म्हणजे सराव संपला आणि मध्ये फक्त एक रात्र. २१ तारखेला संकेतस्थळ कोलमडले. शेवटी नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली.

यातून शिकायचे काय? सराव व्यर्थ गेला असे मी अजिबात म्हणणार नाही. मुलांना फॉर्म कळला, हे झालेच. पण सराव दोन बाजूंनी असतो. मुलांनी यंत्रणा शिकायची आणि यंत्रणेने मुलांकडून शिकायचे. दुसरा भाग घडायला मध्ये दिवस हवे असतात. सरावात जे दिसले ते दुरुस्त करायला वेळच ठेवला नसेल, तर ती तालीम फक्त नटांची झाली, नाटकाची नाही. आणि एक गोष्ट सरावात सहसा दिसतच नाही : एका क्षणी सगळ्यांनी मिळून दार ढकलले तर ते टिकेल का? त्याची वेगळी परीक्षा घ्यावी लागते किंवा मुळात सगळ्यांना एकाच क्षणी दाराशी बोलवायचे नसते. जिल्ह्याजिल्ह्याने वेगवेगळ्या दिवशी नोंदणी सुरू करता येते. शाळेचे संमेलन असले की आपण सगळे वर्ग एकदम जिन्यावर सोडतो का?

विमानतळावरची सकाळ

तिसऱ्या अटीचे आणखी एक उदाहरण आपल्या शेजारच्या विमानतळाचे. १९ जुलै २०२४ च्या सकाळी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकदम निळे पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल एकाच वेळी सगळ्या ग्राहकांकडे गेली होती. आकासा एअरने मुंबई आणि दिल्ली विमानतळांवर हाताने चेक-इन सुरू केल्याचे जाहीर केले. देशात अनेक ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर जे संगणक बंद पडायचे ते पडले होते आणि अनेकांना एकेका संगणकाजवळ जाऊन ते सुरू करावे लागले.

यातला एक बारकावा आपल्या कामाचा आहे. काही सावध ग्राहकांनी “नवी आवृत्ती आम्हाला उशिरा द्या, आधी इतरांकडे चालू दे” असा पर्याय निवडलेला होता. पण तो पर्याय मुख्य सॉफ्टवेअरपुरताच होता. या छोट्या फाइली त्यातून सुटल्या होत्या, त्या सगळ्यांना सरसकट जात. म्हणजे सावधपणा असूनही “अजून नको” म्हणायची सोय नव्हती. नंतर कंपनीने जाहीर केले, की अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडू आणि केव्हा घ्यायच्या याचा ताबा ग्राहकांना देऊ. एवढ्या मोठ्या कंपनीला जे ८५ लाख संगणक बंद पडल्यावर कळले, ते आपण ४० मुलांच्या वर्गात आधीच करू शकतो.

शाळेत हे कसे करायचे? ‘इयत्ता शून्य’

आता हातातले काम. कोणतेही नवे ॲप किंवा नवी सुविधा आली, की खऱ्या वर्गाला हात लावण्याआधी एक खोटा वर्ग तयार करा. आम्ही स्टाफरूममध्ये त्याला ‘इयत्ता शून्य’ म्हणतो. त्यात आठ-दहा काल्पनिक मुले घाला. पण ती ‘शहाणी’ मुले नकोत! अडचणीची मुले घाला. उदाहरणार्थ :

• एकाच जन्मतारखेची जुळी भावंडे. बऱ्याचदा यंत्रणा त्यांना एकच मूल समजते.
• फक्त एकच नाव असलेले मूल, आडनावच नाही. आपल्या अंधेरीच्या वर्गांत देशभरातून आलेली मुले आहेत आणि सगळीकडे नाव-वडील-आडनाव अशी पद्धत नसते.
• आईचे नाव असलेले मूल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम आहे. ही मुले काही वर्षांत पहिलीत येतील. नावासाठी तीनच चौकोन असलेले ॲप त्यांचे काय करणार?
• ‘ऋ’, ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘ॲ’ असलेली नावे. छापील गुणपत्रकावर ती कशी उमटतात ते बघा.
• सत्राच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेले मूल आणि दीर्घ आजारपणाने दोन महिने गैरहजर असलेले मूल.
• तीन भावंडांत एकच मोबाइल असलेले घर. आणि तो मोबाइल वडिलांसोबत गावी गेलेला, म्हणजे ओटीपी रत्नागिरीत आणि आई अंधेरीत!
• दुपारच्या अधिवेशनातले मूल. हजेरीची वेळ सकाळी दहापर्यंतच असेल तर ते रोज गैरहजर.

“शितावरून भाताची परीक्षा” असे आपण म्हणतो. पण सगळा भात सारखा शिजलेला असेल तरच एक शीत पुरते. आपले वर्ग कधी एकसारखे शिजलेले असतात का? म्हणून शिते निरनिराळ्या बाजूंची घ्यावी लागतात.

खोट्या वर्गात आठवडाभर हजेरी घ्या, गुण भरा, चुकीचे गुण भरून ते दुरुस्त करता येतात का पाहा, एक मूल काढून परत आणा. मग एका खऱ्या तुकडीत, एका इच्छुक शिक्षकाकडे, जुनी वही चालू ठेवून दोन आठवडे. त्यानंतर बाकीच्या तुकड्या. आणि निवडणुकीसारखे पुसायला विसरू नका. ‘इयत्ता शून्य’ची मुले पटसंख्येत शिरली तर वेगळेच रामायण होईल.

चाचणीला बसवायचे कोणाला, हेही महत्त्वाचे. आपण नेहमी शाळेतल्या ‘टेक्नोसॅव्ही’ सरांनाच पुढे करतो. त्यांना सगळे जमते, म्हणून सगळे ठीक आहे असे ठरते. खरे तर निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या बाईंच्या, ऑफिसातल्या क्लार्कच्या आणि साधा फोन वापरणाऱ्या एखाद्या आजीच्या हातात ते द्यायला हवे. त्या जिथे अडतात ती त्यांची नव्हे, सुविधेची चूक समजा. “तुम्हाला जमत नाही” आणि “हे नीट बनवलेले नाही” या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि आपण बहुतेक वेळा चुकीचे वाक्य निवडतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : “एवढा वेळ कुठे आहे? वरून आदेश आलाय.” मान्य. शिक्षकाच्या हातात सगळे नसते. पण वेळ वाचतो हा हिशेबच चुकीचा आहे. चाचणीचे दोन आठवडे वाचवून २०१७ मध्ये किती महिने गेले ते आपण पाहिले. आणि आदेश पाळतानाही एक गोष्ट आपण नक्की करू शकतो : मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवणे. “ही सुविधा आम्ही दहा काल्पनिक नोंदींवर वापरून पाहिली, या तीन ठिकाणी अडली, तोवर जुनी वही चालू ठेवत आहोत.” तक्रारीपेक्षा अशा चार ओळींना जास्त वजन असते.

दुसरा आक्षेप : “अशाने काहीच सुरू होणार नाही. लोक कायम ‘अजून नको’ म्हणतील.” हा धोका खरा आहे. सरावाच्या नावाखाली टाळाटाळ करणारे प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. म्हणून चाचणीला शेवटची तारीख हवी आणि काय झाले तर सुविधा स्वीकारायची हे आधीच लिहून ठेवलेले हवे. “मला आवडत नाही” हे कारण चालणार नाही. “अमुक मुलाची नोंद होत नाही” हे चालेल.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि तो पालकांनी घ्यायला हवा : “आमच्या मुलांवर प्रयोग करता का?” अगदी योग्य प्रश्न. म्हणूनच पहिली चाचणी काल्पनिक मुलांवर. “ट्रायल फुकट आहे, फक्त तुमच्या विद्यार्थ्यांची यादी अपलोड करा” असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. ती तुमची चाचणी नाही, ती तुमच्या यादीची वसुली आहे. मुलांची नावे, फोटो, पालकांचे नंबर एकदा बाहेर गेले की ते ‘पुसून टाका’ म्हणून परत येत नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, ते याच कारणाने. तसेच महिनाभर फुकट आणि मग आपोआप पैसे कापणाऱ्या योजनेला चाचणी म्हणू नका. बाहेर पडायचा दरवाजा आत शिरण्याआधी बघून ठेवा.

पालकांसाठी आणि मुलांसाठी

पालकहो, शाळेने नवे ॲप आणले की सभेत तीन प्रश्न जरूर विचारा. हे कोणी वापरून पाहिले? अडले तर जुनी पद्धत किती दिवस चालू राहील? आणि नको असेल तर मुलाची माहिती काढून घेता येईल का? प्रश्न विचारणे म्हणजे शाळेवर अविश्वास दाखवणे नाही. उलट तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरच्या कामात आहेत, त्यांनी एक शनिवार शाळेला द्यावा आणि ‘इयत्ता शून्य’ तयार करायला मदत करावी. वर्गणीपेक्षा ही देणगी मोठी ठरेल.

घरीही हेच. मोबाइल नवीन काही ‘चालू करू का?’ असे विचारतो तेव्हा मूल पटकन ‘हो’ दाबते. त्या क्षणी फक्त एवढेच विचारायची सवय लावा : “आणि नको झालं तर बंद कुठून करायचं?” बंद करायची जागा सापडली, तर खुशाल चालू करू दे. सापडली नाही, तर थांबू दे. मला वाटते, डिजिटल शिक्षणाचा पहिला धडा टायपिंगचा नसावा, हा असावा.

मित्रांनो, मी बदलाच्या विरोधात नाही. फळ्यावर हिशेब मांडून गुणपत्रके लिहिण्याचे दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. नवे यावे, जरूर यावे. पण ज्याला ते वापरायचे आहे त्याच्या हातातून आधी जावे, आणि त्याने मान हलवली तर ती कोणत्या दिशेने हलली हे बघायला कोणीतरी थांबावे.

या सत्रात तुमच्या शाळेत जी पहिली नवी सुविधा येईल, तिच्यासाठी ‘इयत्ता शून्य’ उघडून बघा. दहा खोटी मुले, एक आठवडा आणि एक कोरा कागद. कागदावर एक जरी अडचण सापडली, तरी ती खऱ्या मुलापर्यंत पोहोचण्याआधी सापडली असेल.